‘ब’च्या मागचा ‘प’

डब्लिन, ओहायो
१८ मे २००३

सौ. ताईस, तुझ्या पमीचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. वि. वि.

फोनवर मी नुसती हं हं करत होते म्हणून तू रागावून ठेवून दिलास. रागावू नको. फोन हॉलमध्ये भिंतीला आहे आणि निधी तिथंच खाली खेळत असते. तिच्या कानावर मराठी पडू द्यायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय. म्हणून लिहितेय. बाथरूमची कडी लावून, मळक्या कपड्यांच्या टोपलीवर बसून. शुद्धलेखनाच्या चुका काढू नकोस. नववी सोडल्यापासून मी वाणसामानाच्या यादीशिवाय काय लिहिलंय?

नीट सांगते. निधीला सप्टेंबरात तीन पूर्ण होतील. इथली एवढी मुलं भडाभडा बोलतात. आपली निधी मोजून सहा शब्द बोलायची. आई, दे, काऊ, पाणी, नको, आणि बटाट्याला ब्ताता. डॉक्टरनं एका थेरपिस्टकडं पाठवलं. ती बाई म्हणाली की दोन भाषांनी मूल गोंधळलंय, घरात एकच ठेवा, इंग्लिश. यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. आत्याचा मुलगा म्हणून तू त्यांना शैल्या म्हणतेस, पण ताई, ऑफिसच्या कामात ते फार मोठे आहेत, आणि लिहून घेतलेलं ते पाळतात. त्या दिवसापासून घरात मराठी कॅन्सल.

मला इंग्लिश येतं किती? कम, ईट, बाथ, शूज, स्टॉप, केअरफुल, फिनिश. एवढ्यात पोरीला आंघोळ घालता येते, जेवू घालता येतं. लाड करता येत नाहीत. परवा ती सोफ्यावरून पडली आणि माझ्या तोंडातून अगं माझं बाळ ते निघालंच. यांनी नुसतं बघितलं. मी केअरफुल म्हणलं. रडणाऱ्या लेकराला केअरफुल म्हणलं, ताई.

पण याच्यापेक्षा वाईट सांगते, आणि हे तू आत्याला सांगू नको. नियम असा आहे की तिनं मराठीत काही मागितलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. म्हणजे ती इंग्लिश शोधेल. ती माझा गाऊन ओढून दे दे म्हणायची आणि मी ओट्याकडं तोंड करून उभी राहायचे. चार दिवस तिनं म्हणून पाहिलं. पाचव्या दिवसापासून म्हणत नाही. आता ती इंग्लिशही बोलत नाही आणि मराठीही नाही. फ्रिजचं दार धरून उभी राहते आणि मी काय ते काढून देते. दोघी दिवसभर एका घरात असतो आणि घरात फक्त फ्रिजचा आवाज येतो.

मला भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही.

लोभ आहेच, तो बारा दिवसांत इथं पोचेल असा जरा जोरानं पाठव.

तुझी
पमी


मंचर
४ जून २००३

चि. सौ. पमीस शरयूताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी अंगणवाडीत वाचलं, मग घरी वाचलं, आणि दोन्ही वेळा पोळ्या करपल्यासारखं तोंड झालं माझं.

मी काही थेरपिस्ट नाही. मी पोरांना वजनकाट्यावर बसवणारी आणि खिचडी वाटणारी बाई. पण माझ्याकडं ठाकरवाडीची अकरा मुलं येतात. घरी ठाकरी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि टीव्हीमुळं आपसात हिंदी. त्यातलं एकही मुकं झालं नाही. उलट गप्प करायला मला छडी आपटावी लागते. तेव्हा त्या बाईला म्हणावं, ये इथं एक आठवडा.

आणि पमे, तू गप्प बसतेस? तू? झोपेत बोलायचीस म्हणून आप्पा तुझी गादी ओटीवर टाकायचे. लग्नात अंतरपाट धरलेला असताना तू करवलीला कुजबुजून विचारत होतीस की मठ्ठा उरलाय का. तुझ्या तोंडाला कुलूप घालणारा माणूस शैल्या निघावा याचं मला हसू येतं आणि मग येत नाही.

एक आठवतंय, पण नक्की नाही. शैल्या स्वतः फार उशिरा बोलायला लागला होता असं काहीतरी. त्याला पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घालायला आम्ही अवसरीपर्यंत चालत गेलो होतो. आत्याला विचारून कळवते. आत्या सरळ सांगणार नाही, पण लोणच्याच्या फोडी करायला बोलावलं की तिचं तोंड सुटतं.

तू निधीला निदान मनातल्या मनात तरी म्हण. मुलांना कळतं.

बाकी क्षेम. लोभ तर आहेच, सोबत थोडा रागही धाडते, तो शैल्याला दे.

तुझी
शरयूताई


डब्लिन
६ जुलै २००३

सौ. ताईस सा. न. वि. वि.

एक मजा झाली ती आधी सांगते, कारण खूप दिवसांनी मी हसले, आणि हसताना घाबरले की आवाज झाला.

आमच्या बिल्डिंगीत खाली नोरा म्हणून म्हातारी राहते. आयर्लंडची. या गावाचं नाव तिकडच्याच डब्लिनवरून ठेवलंय, पण खरी तिकडची अशी मी ही एकच पाहिली. शहाऐंशीची आहे. मुलगा डेनिस, साठीचा, शाळेची बस चालवतो. बायको नाही. म्हातारीला विसरायचा आजार झालाय. सगळं विसरली, आणि ताई, इंग्लिशसुद्धा विसरली. तरुणपणी इकडं येऊन शिकलेली, ती वरची खपली निघून गेली आणि खालची लहानपणची भाषा तेवढी राहिली. आयरिश. मुलाला त्यातलं अक्षर कळत नाही, कारण तिनं त्याला ती कधी शिकवलीच नाही. अमेरिकेत पोरगं मागं पडेल म्हणून. डेनिसनं हे मला हातवारे करून सांगितलं तेव्हा मला घाम फुटला.

तर मागच्या महिन्यात मी निधीला घेऊन लॉंड्रीला चालले होते. नोरा दाराबाहेर खुर्चीत. तिनं माझी ओढणी धरली आणि हाताची ओंजळ करून म्हणाली, प्राता, प्राता. मला वाटलं बटाटा मागतेय. निधी ब्ताता म्हणायची, हिच्या तर तोंडात दात नाहीत, म्हणून प्राता. गोऱ्या म्हातारीला मराठी कुठून येणार हा विचारच डोक्यात आला नाही. तिनं मागितलं, मी वर गेले, दोन बटाटे उकडले, तूप मीठ लावून खाली आणले.

म्हातारीनं अंगठ्याच्या नखानं सालं काढली. आपली आजी काढायची तशी. सगळं खाल्लं, वाटी पुसून. तेवढ्यात डेनिस आला आणि किल्ल्या हातात धरून तसाच उभा राहिला. आठ दिवस ती डब्यातलं सूप थुंकून टाकत होती म्हणे. त्यानं मला विचारलं की तुला कसं कळलं. मी म्हणलं, माय लँग्वेज. तो पायरीवर बसलाच. त्याला वाटलं मला आयरिश येतं.

मग कळलं की प्राता म्हणजे त्यांच्या भाषेत खरंच बटाटा. आता मी रोज अकराला जाते. निधी तिच्या पायाशी बसते. म्हातारी निधीशी बोलते, सारखं, पाण्याच्या नळासारखं. निधी तिच्या तोंडाकडं बघत बसते. माझ्या तोंडाकडं बघायचं तिनं कधीच सोडलंय.

यांना मी एवढंच सांगितलं की खाली एका गोऱ्या आजीकडं बसतो. हे खूश झाले. म्हणाले, गुड, इंग्लिश कानावर पडेल. त्या आजीपाशी इंग्लिशचा एक शब्द उरला नाही हे मी सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, गप्प बसले. गप्प बसायला तर त्यांनीच शिकवलंय.

मूर्खपणा वाटेल, पण गुरुदत्त सरांना विचारशील का की बटाटा आणि प्राता सारखे कसे? मला वाटतं ही म्हातारी आपल्या नात्यातली निघेल.

लोभ राहू दे, आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

तुझी
पमी


मंचर
२५ जुलै २००३

चि. सौ. पमीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, निम्मं सांगून निम्मं लपवतेस म्हणून.

पत्र चुलीत घातलं नाही. आमच्याकडं आता गॅस आहे.

गुरुदत्त सर निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नाही, त्यामुळं त्यांनी मला दीड तास बसवलं. सर म्हणतात, बटाटा आपला नाहीच. सातगाव पठारावर एवढा पिकतो म्हणून आपल्याला वाटतं आपला. पोर्तुगीजांनी जहाजातून आणला, आणि नावही तेच घेऊन आले, बटाटा. त्यांना ते नाव मिळालं समुद्रापलीकडच्या बेटांवर, म्हणजे तुझ्या अमेरिकेच्याच बाजूला. तिथूनच दुसऱ्या वाटेनं ते स्पेनला गेलं, तिथून इंग्लिशमध्ये पोटॅटो झालं, आणि इंग्लिशमधून तुझ्या म्हातारीच्या लोकांनी उचललं. त्यांच्या तोंडात प्राता झालं असणार, सर म्हणाले, मधे र कसा घुसला ते मात्र त्यांनाच विचार.

म्हणजे नातं आहे गं. एकाच आईची दोन लेकरं, एक इकडं दिलं, एक तिकडं.

आणि गंमत ऐक. त्या बेटांवर बटाटा म्हणजे बटाटा नव्हताच, रताळं होतं. गोऱ्यांना दोन कंद सारखेच वाटले, त्यांनी एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवलं. सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. चारशे वर्षं सगळी दुनिया चुकीच्या कंदाला हाक मारतेय आणि तो ओ देतोय.

तुझी म्हातारी बोलते ते निधीला ऐकू दे. कोणत्या का भाषेत असेना, कुणीतरी तिच्याशी बोलतंय. पण शैल्याला सांगून टाक. लपवलेलं तो दुसरीकडून ऐकेल तेव्हा वाईट होईल.

लोभ कमी करू नकोस, जीवही जाळू नकोस.

तुझी
शरयूताई


डब्लिन
३१ ऑगस्ट २००३

सौ. ताईस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. पण क्रमानं सांगते, नाहीतर मला लिहिताच येणार नाही.

निधी बोलली. बारा ऑगस्टला, मंगळवारी. मी वाटीत तिचा बटाटा ठेवला आणि ती म्हणाली, फ्राता. स्वच्छ. नोरानं टाळ्या वाजवल्या. मी रडले, पण मला वाटलं चुकीचं बोलली, प्राता पाहिजे. दोन दिवसांनी नोराच्या वाटीकडं आणि स्वतःच्या वाटीकडं, दोन्हींकडं बोट करून म्हणाली, ब्राती. मला वाटलं पोरगी नुसते आवाज काढतेय.

डेनिसला विचारलं. साठीच्या वयात तो लायब्ररीतून आयरिशचं पुस्तक आणून शिकतोय, आईला काय पाहिजे ते कळावं म्हणून. चष्मा लावून त्यानं लाइट बिलाच्या पाकिटामागं लिहून दाखवलं. बटाटा म्हणजे प्राता. माझा बटाटा म्हणलं की प चा फ होतो, मु फ्राता. आमचे बटाटे म्हणलं की त्याच प चा ब होतो, आर ब्राती. त्यांच्यात शब्दाची शेपटी नाही हलत, तोंडच बदलतं, कुणाचा आहे त्याप्रमाणं. आपण नाही का बटाटा म्हणतो आणि बटाट्याची भाजी म्हणतो, तसंच, फक्त उलट्या टोकाला. म्हणजे निधी चुकली नव्हती. स्वतःची वाटी होती तेव्हा ती फ म्हणाली. दोघींच्या होत्या तेव्हा ब म्हणाली. मु आणि आर ती गिळते, पण शब्द बरोबर फिरवते. तीन वर्षं पुरी न झालेली पोर, ताई.

अजून एक त्यानं दाखवलं. ब्राती लिहिताना ते बी लिहितात आणि त्याच्या मागं पी तसाच ठेवतात. बोलायचा फक्त ब. प खोडत नाहीत, काढत नाहीत, तो कागदावर असतो आणि तोंडात नसतो. शब्द मुळात कुठला ते विसरू नये म्हणून. मी त्या पाकिटाकडं बघत बसले. मी पण तशीच आहे. तुला लिहिते तेवढीच आहे.

आता वाईट. परवा हे लवकर घरी आले आणि आम्हाला शोधत खाली आले. नोरा गात होती, निधी तिच्या मांडीवर. हे दारात पाच मिनिटं उभे होते. मग वर येऊन दार लावलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. म्हणाले,

“दोन भाषांनी तिचं नुकसान होतंय म्हणून मी माझी भाषा बंद केली, आणि तू तिला तिसरी लावलीस?”

मी सांगायला गेले की ती बोलली, बरोबर बोलली. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, ते बोलणं नाही, आवाज आहेत, थेरपिस्टनं सांगितलंय. तीन वर्षं झाल्यावर इथल्या शाळेचे लोक मुलाला तपासतात. निधीची तारीख तीन नोव्हेंबर. त्यात ती एक शब्द बोलली तर ठीक. नाहीतर चौदा नोव्हेंबरला मी सहा महिन्यांसाठी मंचरला. एकटी. निधी दिवसभर डेकेअरला, म्हणजे सगळीकडून इंग्लिश. तिकीट काढलंय. म्हणाले ही शिक्षा नाही. ते ओरडत नव्हते, हेच वाईट. ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

मी खाली जायचं नाही असंही ठरलं. पण मी जाते. अकराला जाते आणि बाराला परत.

मला कुणालातरी सांगायचं होतं. तूच आहेस.

लोभ असू दे, माझ्याजवळ दुसरं काही नाही.

तुझी
पमी


मंचर
१५ सप्टेंबर २००३

चि. सौ. पमीस आशीर्वाद.

आज थट्टा नाही.

आत्यानं तुझी खोली झाडून ठेवलीय, नवी चादर घातलीय. तिला वाटतं तू हवा बदलायला येतेयस. मी तिला सगळं सांगितलं. तिनं विळी बाजूला सारली. मग म्हणाली की शैल्या साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. वाड्यातली मुलं त्याला मुक्या म्हणायची. शाळेत घालतानाही मास्तरांनी आत्याला बाजूला घेऊन विचारलं होतं. तो हे कधी विसरला नसणार, आत्या म्हणाली. तिनंही पुन्हा कधी काढलं नाही.

तेव्हा पमे, तो तुझ्यावर चिडलेला नाही. त्याला वाटतंय ते त्याच्याकडून आलं. हे त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर भांडणात सांगू नकोस.

चौदाला तू आलीस तर मी विमानतळावर येईन. पण तू येऊ नयेस म्हणून मी उपास धरलेत. बटाटा सोडून, तो खाते.

तुझी
शरयूताई


डब्लिन
२० ऑक्टोबर २००३

ताई,

नोरा गेली. नवमीच्या आसपास, दसऱ्याची मला आता तारीखही कळत नाही. झोपेत गेली. शेवटचे दोन दिवस ती माझा हात धरून काहीतरी एकच सांगत होती आणि डेनिस पुस्तक उलटं सुलटं करून शोधत होता. सापडलं नाही. तो बाहेर पायरीवर बसून म्हणाला, माझ्या आईचं शेवटचं बोलणं मला कळलं नाही. त्याला काय सांगू? मी त्याच्या शेजारी बसले.

तो तिला घेऊन तिच्या गावी गेलाय, तिकडं पुरायला. महिनाभर येणार नाही. जाताना ते पाकीट मला दिलं.

निधी रोज अकराला खालच्या दारापाशी जाऊन बसते. मी बटाटा उकडून समोर ठेवते. ती बघते आणि खात नाही. शब्द गेला. ज्या तोंडातून तो यायचा ते तोंडच गेलं, तर तो कुठून येणार? माझं तोंड आहे, पण ते बंद आहे आणि तिला ते चालू असलेलं आठवतही नसेल.

यांना शनिवारी सांगितलं, भांडणात नाही, कपडे घडी करताना. आत्या काय म्हणाली ते. यांनी हातातला शर्ट परत परत घडी घातला. म्हणाले, मला माहीत आहे, म्हणूनच. आणि उठून गेले. तिकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे. माझी सूटकेस त्यांनी खाली काढून ठेवलीय. निधी तिच्यात जाऊन बसते.

सहा महिन्यांनी परत येईन तेव्हा ती मला काय म्हणेल? तिला आई म्हणता येत नाही, मग मी नाही हे ती कुणाला सांगणार?

चौदा दिवस राहिले तपासणीला. तू येऊ नको विमानतळावर. मला त्या दारातून एकटीनं बाहेर येताना तू बघू नको.

तुझी
पमी


डब्लिन
९ नोव्हेंबर २००३

सौ. ताईस, पमीचा नमस्कार. हे पत्र मी स्वयंपाकघरात टेबलावर बसून लिहितेय. दार उघडं आहे.

सोमवारी गेलो. नवी बाई होती, शाळेची, केस पिकलेले, पायात मुलांसारखे बूट. फॉर्म यांनी आधीच भरला होता. घरात बोलली जाणारी भाषा, इंग्लिश. बाईनं निधीला कुत्रा दाखवला, बॉल दाखवला, गाडी दाखवली. काही नाही. चाळीस मिनिटं काही नाही. बाई कागदावर शून्य शून्य करत होती, ते मला उलट्या बाजूनंही वाचता येत होतं. हे जमिनीकडं बघत होते. मी सूटकेसमध्ये काय काय भरायचं ते मनात मोजायला लागले, इतकं माझं संपलं होतं.

मग बाईनं खेळण्यातली चूल काढली आणि प्लास्टिकच्या भाज्या. निधीनं गाजर बाजूला सारलं, टोमॅटो सारला. तळाशी एक बटाटा होता, तपकिरी, एका बाजूनं फुटलेला. तिनं तो छातीशी धरला आणि म्हणाली, फ्राता.

बाईनं लिहिलं. निधीनं अजून दोन बटाटे शोधले, एक बाईपुढं ठेवला, एक माझ्यापुढं, आणि तिघींकडं बोट फिरवून म्हणाली, ब्राती. बाईनं तेही लिहिलं आणि दोन्हींभोवती गोल केला. यांनी हळूच सांगितलं की हे आवाज ती घरीही काढते, त्याला अर्थ नाही.

ताई, मी उठले. पाकीट पर्समध्ये होतं, ते टेबलावर ठेवलं. इंग्लिशमध्ये सांगायला गेले आणि एक शब्द सापडला नाही. मग मराठीतच बोलले. निधीच्या समोर, मोठ्यानं.

“हे दोन आवाज नाहीत, एकच शब्द आहे. माझा म्हणलं की फ, आपला म्हणलं की ब. ती चुकत नाही, ती फिरवते.”

बाईनं यांच्याकडं बघितलं.  मला वाटलं नाही सांगणार. मग त्यांनी पाकीट उचललं, चष्मा वर केला, आणि त्या बाईला सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं. हळूहळू, एकेक अक्षर दाखवून. पी, पी एच, बी पी. सांगता सांगता मधेच थांबले. मला वाटतं तिथं त्यांना स्वतःला कळलं.

बाईनं पेन खाली ठेवलं. विचारलं की आई मुलीशी कोणत्या भाषेत बोलते. यांनी सांगितलं, बोलत नाही, आम्हाला तसं सांगितलं होतं. बाईनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, कुणीही तुम्हाला हे सांगायला नको होतं. यांनी तोच प्रश्न तीनदा विचारला, वेगवेगळा करून, आणि तिनं तीनदा तेच उत्तर दिलं. मूल उशिरा बोलतंय हे खरं आहे, मदत लागेल, पुढं काय ते आज सांगता येत नाही. पण एवढ्यासाठी आईचा आवाज काढून घ्यायचा नव्हता. हे मला यांनी मराठीत करून सांगितलं. आवाज हा शब्द बोलताना त्यांचा आवाज गेला.

फॉर्मवर बाईनं इंग्लिश खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मला इंग्लिशमधून लिहिता आलं नसतं असं नाही, पण हात तसाच वळला. मराठी. आपल्या अक्षरात. ती म्हणाली, चालेल.

तुला वाटेल आता सगळं चांगलं झालं. नाही झालं. गाडीत मी मागं निधीजवळ बसले आणि म्हणलं, ये गं माझ्या चिमणे. सात महिन्यांनी. तिनं दचकून माझ्याकडं बघितलं आणि तळहातानं माझं तोंड दाबलं. घट्ट. घरापर्यंत काढला नाही. माझ्या लेकीला माझा आवाज ओळखीचा नाही. आई हा तिचा शब्द मी ओट्याकडं तोंड करून मारला, आणि एका परक्या म्हातारीनं जाता जाता तिला एक दुसरा दिला. हे मी कुणाला सांगू? डेनिसला कळेल, पण तो अजून आला नाही.

यांनी मंगळवारी ऑफिसातून फोन करून तिकीट कॅन्सल केलं. फेब्रुवारीत परत तपासणी आहे आणि तोवर बघू, असं म्हणाले. बघू म्हणजे काय ते मी विचारलं नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, मीठ दे. मराठीत. मी दिलं.

आज दुपारी मी बटाटे उकडले. निधी फ्रिजपाशी उभी होती. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. म्हणलं, बटाटा. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, खूप वेळ, नोराच्या बघायची तसं. मी परत म्हणलं. माझा बटाटा. मग तिला दाखवून, निधीचा बटाटा. तिनं वाटी माझ्याकडं थोडी सरकवली. अंगठ्याच्या नखानं साल काढायला गेली, तिला जमलं नाही, तेव्हा माझा हात धरून बटाट्यावर ठेवला.

आणि म्हणाली, ब्राती.

ओठ मिटून, ब वर जोर देऊन. मला दुरुस्त करत होती, ताई. माझा नाही, निधीचा नाही.

सरांना सांग. आत्याला त्या खोलीतली चादर काढून ठेवायला सांग, पण घडी घालून वर ठेव म्हणावं, फेब्रुवारी अजून यायचाय.

लोभ तुझ्याकडं मागायचे, आता थोडा इकडून पाठवतेय. पोचला की कळव.

तुझी
पमी